पदवी हाती आहे. आता काळा कोट घालावा का?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपली जुनी माणसे सांगत आली. पण शेतकरी बंधूंनो, खरे सांगा, तुमच्या गावात असे किती उंबरे आहेत की ज्यांनी ही पायरी कधी चढलीच नाही? कुणाचा बांध, कुणाची वाट, कुणाचे वाटप, कुणाच्या फेरफाराची हरकत. चार पैसे गाठीला आले की त्यातला एक पैसा तारखेला जातो, हे आपण सगळेच पाहतो.

म्हणूनच की काय, गावोगावची पदवीधर पोरे आता वेगळाच प्रश्न विचारू लागली आहेत. पंचायत समितीत बियाण्याची चौकशी करायला आलेला मुलगा जाता जाता उंबऱ्यात थांबतो आणि म्हणतो, "साहेब, बी.ए. झालंय. आता एलएल.बी. करू का?" कुणी बी.कॉम., कुणी बी.एस्सी. ॲग्री. ग्रामपंचायतीचे अधिकारी, तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), सोसायटीचे सचिव, हेही विचारतात. या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही. म्हणून आजचा हा लेख. पीक नाही, कीड नाही, खत नाही, पण घरातली तीन वर्षे आणि बरेच पैसे यात गुंतणार आहेत. तेव्हा पेरणीइतकाच विचार इथेही हवा.

दोन कलमांनी शिकवलेला धडा

आधी माझे सांगतो. मी वकील नाही. दहावीनंतर कृषी पदविका केली आणि खात्यात लागलो. आमच्या अण्णांची तीन एकर जमीन गावाबाहेर, रस्त्यापासून आत. तिथे जायला बांधावरून गाडीवाट होती, आजोबांच्या काळापासूनची. एका जेठ महिन्यात शेजाऱ्याने ती नांगरून टाकली आणि तोंडाला काट्या लावल्या. अण्णा भांडणारे नव्हेत. गावातली चार माणसे म्हणाली, "दम धरा, दिवाळीला बसून मिटवू." दिवाळी गेली, संक्रांत गेली. माघात अण्णांनी तहसील आवारातल्या अर्ज लिहिणाऱ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि दिला.

तो अर्ज फेटाळला गेला. कारण काय? तर उशीर. वहिवाटीची चालू वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आमचे आठ महिने होऊन गेले होते. मग कुणीतरी जाणत्याने सांगितले की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, रस्ता मागता येतो. तो अर्ज केला, स्थळपाहणी झाली, जबाब झाले, रस्ता मिळाला. मधल्या दोन हंगामांत मात्र ट्रॅक्टर आत जाईना. ऊसतोड टोळीने मोळ्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणल्या, त्याचे वाढीव पैसे आणि वर खुशाली, हे सगळे आमच्या बिलातून गेले.

शेजाऱ्यावर माझा राग आता उरलेला नाही. चूक आमच्या अज्ञानाची होती. सहा महिने हा आकडा अण्णांना कुणी वेळेवर सांगितला असता तर एक अर्ज पुरला असता. त्या वेळी मी ठरवले, आपण वकील व्हायचे. पुढे काय झाले ते खाली सांगतोच. सांगायचा मुद्दा हा की, कायदा शिकावासा वाटणे म्हणजे काय हे मी जाणतो. म्हणून माझे बोलणे परतवून लावणारे वाटले तरी ते तसे समजू नका.

आडवाट नाही, तीन वर्षेच

पहिली गोष्ट. दुसऱ्या विषयाची पदवी झालेल्या माणसाला वकील व्हायचे असेल तर आपल्या देशात एकच रस्ता आहे, तो म्हणजे तीन वर्षांची एलएल.बी. सहा सत्रे. इंग्लंडात अशा पदवीधरासाठी साधारण वर्षभराचा परिवर्तन अभ्यासक्रम असतो आणि त्यानंतर पुढचे प्रशिक्षण. तिकडे असलेल्या कुणा भाच्याने हे सांगितले असेल तर ते तिकडचे खरे आहे. इकडे ते चालत नाही. बारावीनंतर थेट पाच वर्षांची वाट आहे ती वेगळी, ती पदवी न झालेल्या मुलांसाठी.

या तीन वर्षांना फाटा देणाऱ्या जाहिराती तुम्हाला दिसतील. "घरबसल्या वकील व्हा", "फक्त परीक्षेला या", "परराज्यात प्रवेश, हजेरीची काळजी नको." अशा ठिकाणी पैसे भरू नका. पत्रद्वारा किंवा दूरशिक्षणाने घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर भारतीय बार कौन्सिल सनद देत नाही. कामगार कायदा, कर कायदा असे वर्षभराचे पदविका अभ्यासक्रम आहेत. ते ज्ञानासाठी चांगले आहेत, सोसायटीच्या सचिवाला किंवा कारखान्याच्या कारकुनाला उपयोगीही पडतात, पण त्यांनी कुणी वकील होत नाही. महाविद्यालयाला बार कौन्सिलची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी स्वतः पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने नवी विधी महाविद्यालये काढण्यावर तीन वर्षांची बंदी घातली आहे. तेव्हा "यंदाच सुरू होतंय" असे कुणी म्हणाले तर कागद मागा.

कागद आधी, फी नंतर

दुसरी गोष्ट पात्रतेची. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे पदवीला खुल्या वर्गास किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गास ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुण लागतात. पदवी कोणत्या शाखेची, हा प्रश्न नाही. कला, वाणिज्य, कृषी, अभियांत्रिकी, सगळे चालते. आपल्याकडच्या प्रवेश परीक्षेला वयाची वरची मर्यादाही नाही. चाळिशीतला माणूस विशीतल्या पोरांच्या बाकावर बसलेला मी पाहिला आहे.

खरी मेख पुढे आहे आणि तिथेच खेड्यातली माणसे अडकतात. पदवी दूरशिक्षणाने घेतलेली असली तरी चालते. मात्र त्या आधीची पायरी गाळलेली नसावी. दहावी, बारावी, मग पदवी, असा क्रम हवा. बारावी न करता, मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन ज्यांनी थेट पदवी घेतली, त्यांना या नियमांप्रमाणे कायद्याच्या वर्गात प्रवेश मिळत नाही.

माझे नेमके हेच झाले. दहावीनंतर पदविका, त्यामुळे बारावीचा कागद नाही. नोकरीत असताना मुक्त विद्यापीठाची बी.ए. पूर्वतयारीतून केली. अर्ज घेऊन विधी महाविद्यालयाच्या खिडकीशी गेलो. तिथल्या बाईंनी कागद चाळले, नियमावलीचे पान उघडले आणि माझ्यासमोर ठेवले. म्हणाल्या, "सर, पदवी चांगली आहे हो, पण मधली पायरी नाही." त्यांचे काही चुकले नाही. पदवी खोटी नव्हती, नोकरीला आणि बढतीला ती चालते. फक्त या एका दाराला ती लागत नाही.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. ज्यांची दहावीनंतर पदविका झाली आहे, मग ती कृषीची असो की तंत्रनिकेतनाची, त्यांनी आधी आपली सगळी गुणपत्रके घेऊन महाविद्यालयात जावे आणि पात्र आहोत की नाही हे लेखी विचारून घ्यावे. शिकवणी वर्गाची फी, पुस्तके, खोली हे सगळे त्यानंतर. शिकवणीवाला "होऊन जाईल" म्हणेल. त्याचे होऊन जाते, तुमचे राहते.

प्रवेश परीक्षा आणि फेऱ्या

महाराष्ट्रात २०१६ पासून कायद्याच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आहे. ती संगणकावर होते. कायद्याचा कल आणि तर्क, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमापन आणि इंग्रजी, असे चार भाग असतात. इंग्रजीचा भाग सोडून बाकीची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. आपल्या पोरांना इंग्रजीची धास्ती असते. रोज एक इंग्रजी बातमी मोठ्याने वाचून तिचा मराठीत अर्थ सांगायचा, हा साधा उपाय सहा महिने केला तरी फरक पडतो.

अर्ज भरण्याची मुदत बहुधा हिवाळ्यात सुरू होते, म्हणजे आपण गहू-हरभऱ्याच्या पाण्यात असतो तेव्हा. प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या, ज्यांना कॅप म्हणतात, त्या पावसाळ्यात, खुरपणी-फवारणीच्या गडबडीत येतात. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, हे कागद तहसीलच्या खिडकीवर त्याच वेळी मागायला गेलात तर रांगेत दिवस जातो आणि फेरी हुकते. हे कागद उन्हाळ्यातच काढून ठेवा.

तीन खरीप, तीन रब्बी

आता खरे गणित मांडू. ही पदवी पूर्णवेळ आहे. वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेतच घ्यायचे, आठवड्याला किमान तीस तास, आणि प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी, असे नियम आहेत. रात्रीचे वर्ग भरवून नोकरदारांना वकील करण्याचे दिवस गेले. हजेरीकडे डोळेझाक करणारी महाविद्यालये नाहीत असे मी म्हणणार नाही. पण ज्या घरात वर्षाला एकच पीक पैसे देते, त्या घरातल्या मुलाने अशा भरवशावर तीन वर्षे लावू नयेत. एखाद्या वर्षी नियमावर बोट ठेवले गेले आणि परीक्षेचा अर्ज अडला तर वर्ष गेले.

माझी पुतणी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. बी.एस्सी. (कृषी) करून तिने हा मार्ग धरला. सकाळी साडेसहाची एसटी, जिल्ह्याच्या ठिकाणी वर्ग, परत यायला दिवेलागण. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, पहिल्याच दिवशी तिला सांगितले, "सोयाबीन काढायला तू येणार नाहीस हे धरूनच आम्ही मजूर सांगू." हे एक वाक्य फार मोलाचे आहे. मुलगा वकिलीही शिकेल आणि वेळेला औतही धरेल, असे ज्या घरात धरले जाते तिथे दोन्ही अर्धवट राहतात. घरात एकटाच कर्ता असेल, आईवडील थकलेले असतील, तर या तीन वर्षांत शेत कोण बघणार हे आधी बसून ठरवा. बटईने द्यायचे असेल तर तसे, आणि त्यात उत्पन्न किती घटेल तेही कागदावर मांडा.

नोकरीतल्या बंधूंना दोन शब्द. कार्यालयाच्या परवानगीवाचून प्रवेश घेऊ नका. विद्यार्थी कुठे नोकरी करतो हे जाहीर करण्याची आणि मालकाचे ना-हरकत पत्र देण्याची अट बार कौन्सिलने २०२४ मध्ये घातली आहे. दुसरे, पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, हा बार कौन्सिलचा जुना नियम आहे. म्हणजे पदवी मिळाली तरी नोकरी असेपर्यंत काळा कोट खुंटीवरच. निवृत्तीनंतर वकिली करायचे मनात असेल, तर रजेचा हिशेब जमतो का ते आधी पाहा.

खर्च आणि सवलती

फीचा आकडा महाविद्यालयागणिक बदलतो. शासकीय आणि अनुदानित जागांची फी कमी, विनाअनुदानितची बरीच जास्त. १८५५ साली सुरू झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा १९२४ चे पुण्याचे आयएलएस ही नावे सगळ्यांना ठाऊक असतात आणि तिथे चुरसही तशीच. पण खेड्यातल्या घराला फीपेक्षा खोली, खाणावळ आणि प्रवास जास्त जड जातो. घरापासून जाऊन-येऊन जमणारे मान्यताप्राप्त महाविद्यालय असेल तर नावापेक्षा अंतर पाहा.

सवलती आहेत, त्या सोडू नका. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या खुल्या वर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण फी माफ करण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. त्यालाही उत्पन्नाची अट आठ लाखांचीच. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचे. मात्र एक ध्यानात ठेवा, हा लाभ बहुधा कॅपमधून मिळालेल्या जागेलाच असतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की पैसेही जास्त आणि सवलतही नाही.

ज्यांच्या नावाने ही योजना आहे ते भाऊसाहेब देशमुख शेतकऱ्याचे पोर. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. विलायतेला जाऊन बॅरिस्टर होऊन आले आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. शेती आणि कायदा हे दोन वेगळ्या जगांतले विषय नाहीत, हे सांगायला दुसरा दाखला नको.

काय शिकावे लागते

राज्यघटना, करार, फौजदारी आणि दिवाणी कायदा, पुरावा, कुटुंब कायदा, जमिनीचे कायदे, ग्राहक कायदा, असे विषय येतात. पाठांतर आहेच, पण दावा-जबाब लिहिणे, व्यावसायिक नीती, तडजोड, अभिरूप न्यायालय, असे चार प्रात्यक्षिक पेपरही आहेत आणि तीन वर्षांत मिळून किमान बारा आठवडे वकिलाकडे किंवा तत्सम ठिकाणी उमेदवारी करावी लागते.

जुनी पुस्तके स्वस्तात घेताना जपा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा हे तिन्ही जाऊन त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. कलमांचे आकडे बदलले. थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्याला चालेल, हा हिशेब या विषयांत आता जमत नाही.

भाषेची भीतीही थोडी कमी करा. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत मराठीतून काम चालते. बऱ्याच ठिकाणी उत्तरपत्रिकाही मराठीत लिहिता येते, आपल्या महाविद्यालयात विचारून घ्या. मात्र उच्च न्यायालय इंग्रजीत चालते आणि मोठे निकाल इंग्रजीत असतात. तेव्हा इंग्रजी वाचता आलेच पाहिजे. बोलता कमी आले तरी एकवेळ चालेल.

पदवीनंतरची कोरडी वर्षे

पदवी म्हणजे पेरणी झाली, काढणी नव्हे. पुढे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचे. त्याची फी पूर्वी राज्याराज्यांत भरमसाट होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात सांगितले की कायद्यात लिहिल्याप्रमाणे खुल्या वर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. शंभर प्रश्न, खुल्या आणि इतर मागास वर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के हवेत. टिपणे नसलेली कायद्याची मूळ पुस्तके आत नेता येतात. ती उत्तीर्ण झाल्यावर सनद पक्की.

मग ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काही वर्षे. या काळात कमाई फारशी नसते. तारीख घ्यायची, नकला काढायच्या, टंकलेखकाकडे बसायचे, पक्षकाराला चहा पाजायचा. फळबाग लावल्यासारखे आहे हे. पहिली काही वर्षे पाणी आणि खत घालायचे, फळाकडे बघायचे नाही. ज्या घराला लागलीच पगार हवा आहे, त्याने हे झाड लावू नये. न्यायाधीश व्हायचे म्हणून कायदा घेणाऱ्यांनीही हिशेब नव्याने करावा. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. म्हणजे तीन अधिक तीन, सहा वर्षे धरा.

स्वतःच्याच दाव्यासाठी शिकणार असाल तर

"साहेब, भावकीचा दावा चाललाय, वकिलाला पैसे देऊन देऊन वीट आला. पोराला वकील करतो." हे मी फार वेळा ऐकतो. यावर माझे सरळ उत्तर आहे, करू नका. पोरगा सनद घेऊन येईपर्यंत दाव्याचा निकाल लागून अपीलसुद्धा झालेले असेल. शिवाय एका भांडणासाठी शिकलेला माणूस ते भांडण मिटू देत नाही. अण्णांचा रस्ता परत मिळाल्यावर माझी स्वतःची तळमळ निम्मी ओसरली, हेही खरे. तेव्हा मला कळले की मला वकील व्हायचे नव्हते, मला ती वाट हवी होती.

फक्त आपल्यापुरता कायदा हवा असेल तर एवढे करा. आपल्या दाव्यात माणसाला स्वतः उभे राहून बोलता येते, त्याला सनद लागत नाही. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, तसेच पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या अटीवर. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी आहे. लोकअदालतीत तडजोड झाली की न्यायशुल्क परत मिळते आणि त्यावर अपील नसते, म्हणजे भांडण खरोखर संपते.

आणि काही आकडे ओसरीवर लिहून ठेवा. अडवलेल्या वाटेसाठी किंवा अडवलेल्या पाण्यासाठी मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिने. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या महसूल अधिकाऱ्याच्या आदेशावर अपील करायला ६० दिवस, इतर आदेशांवर ९० दिवस. आमच्या घरात यातला पहिला आकडा कुणाला ठाऊक नव्हता, त्याची किंमत मी वर सांगितली.

मग कुणी करावे?

इतके सांगूनही काहींनी हा मार्ग जरूर धरावा असे मला वाटते. तालुक्याच्या न्यायालयात मातीची जाण असलेला वकील कमी पडतो.

माझ्या पुतणीचेच सांगतो. ती ज्या वकिलांकडे उमेदवारीला जाते, तिथे सोयाबीन न उगवल्याची तक्रार आली. शेतकऱ्याकडे बिल होते, पण पिशवी चुलीत गेली होती. वकील जुने, नावाजलेले. त्यांनी विचारले, "लॉट नंबर म्हणजे नेमके काय?" पोरीने त्यांना टॅग समजावून सांगितला, उगवण चाचणी समजावली आणि तालुका तक्रार निवारण समितीचा पंचनामा आधी मागवा म्हणाली. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात २०१२ मध्ये सांगून ठेवले आहे. पण निकाल असून भागत नाही. तो आपल्या शिवाराला लावून दाखवणारा माणूस हवा. सातबारा, पीकपेरा, मोजणीचा नकाशा, विम्याचा पंचनामा हे ज्याला लहानपणापासून वाचता येते, तो या कामात शहरी मुलाच्या चार पावले पुढेच असतो. शेती सांभाळून वकिली करणारी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांच्या दारात पक्षकाराची बैलगाडी आधी थांबते ती याच कारणाने.

तेव्हा पदवीधर मित्रांनो, अर्ज भरण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारा. माझी दहावी-बारावी-पदवी ही साखळी पुरी आहे का? तीन वर्षे रोज वर्गात बसायला घरच्यांनी मोकळे केले आहे का? सनद मिळाल्यावर आणखी दोन-तीन वर्षे तुटपुंज्या कमाईवर काढण्याची तयारी आहे का? आणि मला माझे भांडण जिंकायचे आहे, की दुसऱ्याचे ऐकून घ्यायचे आहे? पहिल्या तिन्हींचे उत्तर होय असेल आणि चौथ्यात दुसऱ्याचे ऐकून घ्यायचे असेल, तर बेशक जा.

पुतणीची सनद व्हायला अजून अवकाश आहे. पण परवा तिने गावातल्या मारुतीच्या पारावर चार माणसांना तो सहा महिन्यांचा आकडा समजावून सांगितला. अण्णा कडेला बसून ऐकत होते. उठताना एवढेच म्हणाले, "हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही बघ."